संकल्प आपला, साहित्य जगाचे

आज भाद्रपद शुद्ध चतुर्थी. श्रीगजाननाच्या आगमनाने पुण्यनगरीच्या पेठापेठांतून पहाटेपासूनच मंगलध्वनी उठत आहे. कसब्यातील कुंभारवाड्यापासून थेट कोथरूड-हडपसरपर्यंत ताम्हनात वा पाटावर मूर्ती घेऊन, तिच्यावर रेशमी रुमाल टाकून, गृहस्थ आणि त्यांच्यापुढे झांजा वाजवीत चालणारी मुले दिसत आहेत. मंडईत दूर्वा, केवडा, कमळे आणि पत्रीचे ढीग पडले आहेत. वर्षभर एकमेकांशी दोन शब्द बोलावयास ज्यांस सवड होत नाही, अशी एकाच घरातील माणसेही आज एका चौरंगाभोवती उभी राहतील. या मंगल दिनी आमच्या सर्व वाचकांचे आम्ही अभीष्ट चिंतितो, आणि गतवर्षी याच दिवशी मनात शिरलेला व अद्याप न निघालेला एक प्रश्न त्यांच्यापुढे ठेवतो.

सदाशिव पेठेतील एका परिचित कुटुंबात आम्ही दर्शनास गेलो होतो. गृहस्थांनी वयाची ऐंशी वर्षे ओलांडलेली. चिरंजीव वीस वर्षांपासून कॅलिफोर्नियात, कन्या कोथरूडला. नैवेद्याच्या ताटाशेजारी तांब्याला टेकवून मोबाइल उभा केला होता व त्याच्या पडद्यावर मुलगा, सून आणि दोन नातवंडे हात जोडून बसली होती. येथे सकाळचे साडेदहा, तेथे आदल्या दिवसाची रात्र. आरती सुरू झाली. परंतु तिकडचा आवाज येथे क्षणभर उशिरा पोहोचे. त्यामुळे झांज एकीकडे आणि शब्द दुसरीकडे असे होऊ लागले. दोन कडवी कशीबशी झाल्यावर कोणीतरी हळूच तिकडचा आवाज बंद केला. आरती नीट पार पडली. पडद्यावर नातवंडांचे ओठ तेवढे हलत राहिले.

मंत्रपुष्पांजली झाल्यावर ते वृद्ध गृहस्थ आम्हांस म्हणाले, "मूर्ती दुकानात मिळते, मोदक दुकानात मिळतात, पूजा सांगणारे गुरुजी मोबाइलवर मिळतात. मग आमच्या घराने आता नेमके काय करावयाचे उरले?"

या प्रश्नास उत्तर देणे त्या वेळी आम्हांस साधले नाही. परंतु हा प्रश्न त्या एका घराचा नाही, हे आम्ही जाणतो. ज्याला विद्वान मंडळी जागतिकीकरण म्हणतात आणि ज्याची चर्चा परिषदांतून, सभागृहांतून चालते, ते आपल्या देवघरात ज्या रूपाने उतरले आहे, ते हेच रूप होय.

या विषयावर आपल्याकडे सामान्यतः दोनच सूर ऐकू येतात. एक सूर म्हणतो, परकीय वस्तूंनी व चालीरीतींनी आपला धर्म बुडविला. जुने सोवळे ते तेवढे खरे. दुसरा म्हणतो, जग बदलते आहे, काळाबरोबर चालावे, त्यात खेद तो कसला? आमच्या मते हे दोन्ही सूर अर्धवट आहेत. आणि ते तसे का आहेत, हे समजून घेण्यास फार दूर जावयास नको. आपल्या स्वयंपाकघरात डोकावले तरी पुरे.

संकष्टीच्या उपवासाची साबुदाण्याची खिचडी घ्या. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओका मूळचा दक्षिण अमेरिकेचा. तमिळनाडूत सेलमच्या परिसरात साबुदाण्याचा उद्योग उभा राहिला तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. तीत पडणारे शेंगदाणे, हिरवी मिरची आणि बटाटा हेही अमेरिका खंडातून आलेले. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज दर्यावर्द्यांच्या व्यापारामुळे ही पिके आपल्याकडे रुळत गेली. 'बटाटा' हा शब्दच मुळी पोर्तुगीजांच्या तोंडचा. रताळे, राजगिरा, तांबडा भोपळा, मका यांचेही कूळ तेच. आज उत्तरपूजेपासून दसऱ्याच्या तोरणापर्यंत ज्यावाचून आपले पान हलत नाही तो झेंडू मेक्सिकोचा. त्या देशात नोव्हेंबरच्या आरंभी मृतांच्या स्मरणाचा जो दिवस पाळतात, त्या दिवशी याच केशरी फुलांनी वेदी सजवितात. आणि ज्या पेटीच्या सुरावर आपले कीर्तनकार रंग भरतात, ते वाद्य एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये घडले.

तेव्हा परदेशातून आले म्हणून धर्म बुडाला असे म्हणावे, तर आपले उपवासही संकटात यावयाचे!

पुण्याने तर हा अनुभव फार जवळून घेतला आहे. १४ ऑक्टोबर १८९० रोजी येथील पंचहौद मिशनमध्ये शहरातील काही प्रतिष्ठित मंडळींना निमंत्रण होते. तेथे चहा आणि बिस्किटे पुढे आली. कोणी चहा घेतला, कोणी नुसता स्वीकारून ठेवला. पुढे उपस्थितांची नावे वृत्तपत्रात झळकली आणि मोठे ग्रामण्य माजले. या प्रसंगामागचे सूत्रधार होते गोपाळराव जोशी, म्हणजे १८८३ साली समुद्र ओलांडून अमेरिकेस गेलेल्या व तेथे डॉक्टर झालेल्या आनंदीबाईंचे पती. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या पुरुषांनाही प्रायश्चित्ताच्या प्रश्नास तोंड द्यावे लागले. आज त्याच पुण्यात गणपतीच्या दर्शनास आलेल्या पाहुण्याला चहा विचारला नाही, तर यजमानांचे काहीतरी चुकले असे आपण म्हणतो. आणि ज्यांच्या चहावरून एवढे वादळ झाले, त्या टिळकांनीच पुढे तीन-चार वर्षांत घराघरातील गणेशपूजनाला सार्वजनिक उत्सवाचे बळ दिले, हेही विसरता येत नाही.

बाहेर गेलेल्यांची कथाही अशीच बोलकी आहे. प्रत्यक्ष श्रीगणेशच फार प्राचीन काळी प्रवासास निघाला. बौद्ध धर्माच्या सोबतीने तो चीनमार्गे जपानला पोहोचला. तेथे त्यास 'कांगितेन' म्हणतात. टोकियोच्या असाकुसा भागातील मात्सुचियामा मंदिरात त्यास मुळे वाहतात, आणि क्योतो शहरात त्याच्या नैवेद्याचे 'कांकीदान' नावाचे जे पक्वान्न होते, ते पाहून आपल्या मोदकाची आठवण यावी. मुसलमान बहुसंख्येच्या इंडोनेशियाने १९९८ साली काढलेल्या वीस हजार रुपियांच्या नोटेवर गणेशाचे चित्र होते. देव तेथे गेला आणि तेथलाच झाला.

मॉरिशसचे उदाहरण तर आपल्या अगदी रक्ताचे. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरीच्या बाजूची गोरगरीब माणसे करारावर मजूर म्हणून त्या बेटावरच्या उसाच्या मळ्यांत गेली. मूर्तीचे कारखाने बरोबर नेण्याची त्यांची ऐपत नव्हती. पुरोहित नव्हते, पंचांगे नव्हती. पिढ्या उलटल्या. घरोघरी क्रेओल भाषा बोलली जाऊ लागली. तरीही गणेशचतुर्थी टिकली. इतकी की आज त्या देशात तिची राष्ट्रीय सुट्टी असते आणि कोकणातल्या जाखडीचा नाच तेथे 'झाकडी' या नावाने जिवंत आहे. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आणि उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून मराठी माणसांना एकत्र धरून आहे. तेथील कित्येक घरांत आई-वडील मुलांस घेऊन स्वयंपाकघराच्या ओट्यावर मातीचा गणपती घडवितात, कारण कोपऱ्यावर कुंभारवाडा नाही. मोदक वळावयास शिकतात, कारण शेजारी काकू नाहीत. सर्वांनाच सर्व साधते असे नव्हे; परंतु जे साधते ते हाताने केलेले असते.

येथे आमच्या मते या प्रश्नाचे मर्म सापडते. बटाटा परका होता. परंतु तो उकडणारे, सोलणारे, त्याला जिऱ्या-मिरचीची फोडणी देणारे हात आपल्या घरचे होते. झेंडू परका होता. तो आंब्याच्या पानाशेजारी सुतळीत ओवणारी बोटे आपली होती. पेटी परकी होती. तिच्यातून निघणारा अभंग आपला होता. वस्तू बाहेरून आली आणि आपल्या हातांनी तिला संस्कार दिला. संस्कार झाला की परकेपण गळून पडते. याउलट आज जे आपल्या दाराशी येते, ते बहुधा पूर्ण तयार होऊनच येते. त्याला आपल्या हाताची गरज नसते. मखर जोडलेले, आरास जोडलेली, माळेतील दिवे लुकलुकण्याची लयदेखील परदेशी कारखान्यात ठरलेली. आरती ध्वनिमुद्रित, आपण टाळ्यांपुरते. वस्तू कोठून आली हा प्रश्न गौण आहे. ती आल्यावर आपल्या हाताला, तोंडाला आणि बुद्धीला काही काम उरले काय, हा खरा प्रश्न आहे.

आणि म्हणूनच केवळ 'स्वदेशी' म्हटल्यानेही हा प्रश्न सुटत नाही. मूर्तीचेच पाहा. आपल्या व्रताला मूर्ती हवी ती 'पार्थिव', म्हणजे पृथ्वीची, मातीची. जी मातीतून आली आणि मातीत मिळाली, ती पार्थिव. पेण आणि हमरापूरच्या कारागिरांनी ही कला पिढ्यान्‌पिढ्या जोपासली. त्यांना लागणारी शाडूची माती मात्र बहुतांशी गुजरातेतून येते, आणि त्यात वावगे काहीच नाही. पुढे मागणी वाढली. मूर्ती गावोगावी आणि जहाजांतून परदेशीही जाऊ लागल्या. दूरच्या प्रवासात न फुटणारी, हलकी, साच्यातून झटपट निघणारी मूर्ती हवी झाली आणि प्लास्टर ऑफ पॅरिस आले. ते कोणी परकीयाने आपल्यावर लादले नाही; आपल्याच घाईने ते आणले. त्या मूर्ती पाण्यात विरघळेनात, भग्न अवयव नदीकाठी दिसू लागले, तेव्हा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळास २०२० साली मनाईच्या सूचना काढाव्या लागल्या आणि पुढे हा वाद न्यायालयात गेला. थर्माकोलच्या मखरांवर राज्य शासनाने २०१८ साली बंदी घातली. जे आपल्या व्रताच्या एका शब्दात सांगितले होते, ते सांगण्यास सरकारी अधिसूचना लागावी, ही आपणांस शोभणारी गोष्ट नव्हे.

सार्वजनिक उत्सवाचीही हीच कसोटी लावावी. १९८९ साली पुणे फेस्टिव्हल सुरू झाला आणि पुण्याचा उत्सव देशोदेशीच्या प्रवाशांपुढे मांडला जाऊ लागला. २०२५ साली शासनाने गणेशोत्सवास महाराष्ट्राचा राज्य महोत्सव म्हणून घोषित केले. जगाने आपला उत्सव पाहावा यात आम्हांस अभिमानच आहे. परंतु पाहणारा वाढला म्हणजे करणारा आपोआप वाढतो असे नाही. कित्येकदा करणाराही पाहणाराच होऊन बसतो. ध्वनिवर्धकांच्या भिंतींपुढे ज्याचे काळीज धडधडते, तो तेथे काय करीत असतो? काहीही नाही, त्याच्यावर ते घडत असते. याउलट ढोल-ताशाच्या पथकांकडे पाहा. हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांत दिवसभर परदेशी ग्राहकांची कामे करणारी तरुण मुले-मुली संध्याकाळी नदीकाठी कंबरेला ढोल बांधून, हाताला फोड येईपर्यंत सराव करतात. पथकांच्या गर्दीविषयी आणि आवाजाविषयी आमच्या तक्रारी आहेतच व त्या आम्ही वेळोवेळी मांडू. परंतु त्या फोड आलेल्या हातांविषयी आमच्या मनात आदर आहे. तसेच ऋषिपंचमीच्या पहाटे दगडूशेठ गणपतीपुढे सहस्रावधी स्त्रिया एका स्वरात अथर्वशीर्ष म्हणतात, तेव्हा त्या श्रोत्या नसतात, कर्त्या असतात.

हात म्हटला की आणखी एक गोष्ट प्रांजळपणे बोलली पाहिजे. ज्या जुन्या काळाचे आपण गोडवे गातो, त्या काळी हे हात बहुशः घरातील स्त्रियांचेच होते. एकशे एक मोदक एकटीने वळावयाचे, सोवळ्यात स्वयंपाक करावयाचा, पंगती वाढावयाच्या आणि मग आरतीस स्वयंपाकघराच्या दारात उभे राहावयाचे, हे आपल्या आज्यांनी व आयांनी केले. आज नोकरी करून घर सांभाळणाऱ्या भगिनीने मोदक विकत आणले, तर तिला बोल लावण्याचा अधिकार कोणासही नाही. आम्ही म्हणतो ते निराळेच. एकवीसच मोदक करा. पण पुरुषांनी आणि मुलांनीही पाट मांडून भोवती बसा. वाकड्या कळ्यांचा, फुटक्या उकडीचा मोदक श्रीगजाननाने आजवर कधी परत पाठविल्याचे ऐकिवात नाही.

आणि आता त्या सदाशिव पेठेतील गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर. ते शोधण्यास आम्हांस कोणत्याही परदेशी पंडिताकडे जावे लागले नाही. ते पूजेच्या आरंभीच आहे. पूजेस बसल्यावर आचमन, प्राणायाम झाला की आपण संकल्प करतो. त्या संकल्पाची रचना लक्ष देऊन पाहा. प्रथम ब्रह्मदेवाचे परार्ध, मग कल्प, मग मन्वंतर, मग युग. एवढ्या अफाट काळातून खाली उतरत आपण जंबुद्वीपात येतो, भरतवर्षात येतो, गोदावरीच्या दक्षिण तीरी येतो. मग शक, संवत्सर, मास, तिथी. आणि शेवटी आपले गोत्र, आपले नाव. साऱ्या विश्वाचा उच्चार करून मनुष्य अखेर स्वतःच्या पाटावर येऊन बसतो व म्हणतो, हे कर्म मी करणार. जग आणि घर यांत विरोध नाही. जगाचे भान ठेवून घरात बसावयाचे आहे, हे आपल्या पूर्वजांनी रोजच्या पूजेत घालून ठेवले. अमेरिकेतील काही पुरोहित संकल्पात जंबुद्वीपाऐवजी क्रौंचद्वीपाचा उच्चार करतात, असे तेथील मंडळी सांगतात. स्थळ बदलले, नदी बदलली. संकल्प मोडला नाही.

शास्त्राची उदारता आणखी पाहा. एखादा उपचार उपलब्ध नसेल, तर त्याच्या जागी अक्षता वाहाव्यात असे सांगितले आहे. वस्त्र नाही, अक्षता. अलंकार नाहीत, अक्षता. एखादी पत्री मिळाली नाही, तरी अक्षता. साहित्याला पर्याय आहे. पूजा सांगावयास गुरुजी चालतात, मग ते समोर असोत की दूर असोत. परंतु संकल्प मात्र यजमानानेच, आपल्या नावाने, आपल्या मुखाने करावयाचा असतो. तो दुकानात मिळत नाही, कोणत्याही देशातून मागविता येत नाही आणि ज्याच्यापाशी तो आहे त्याच्याकडून कोणास हिरावूनही घेता येत नाही. घराने करावयाचे उरले आहे, ते हे.

म्हणून वाचकांस आमची नम्र सूचना अशी की, यंदा चारच गोष्टी कराव्यात. संकल्पाचा अर्थ मुलांस समजावून सांगावा व शक्य तर त्यांच्याकडून तो म्हणवून घ्यावा. एकवीस पत्रींपैकी निदान पाच पाने, म्हणजे शमी, आघाडा, माका, बेल, रुई, हातात घेऊन ओळखावयास शिकवावीत. ज्यास आपल्या मातीतील पाने ओळखता येत नाहीत, त्याने संस्कृतीच्या गोष्टी कितीही केल्या तरी त्या हवेतल्याच. आरती यंत्राने नव्हे, तोंडाने म्हणावी, भले स्वर चुकोत. आणि पुढील वर्षी पूजेस कोण बसणार, हे यंदाच ठरवून त्या व्यक्तीस शेजारी बसवावे. हे शेवटचे सर्वांत महत्त्वाचे. पुण्यातील किती घरांत आज हा प्रश्न मनातल्या मनात घोळत आहे आणि किती वृद्ध तो उच्चारावयास कचरत आहेत, हे आम्ही जाणतो.

त्या परिचित घरातून गेल्या आठवड्यात निरोप आला. यंदा पूजेस कोथरूडची कन्या बसणार आहे. वडील शेजारी बसून सांगणार आहेत. यावर कोणाच्या भुवया उंचावतील. परंतु ज्या पुण्यात १९७० च्या दशकापासून स्त्रियांना पौरोहित्य शिकविण्याचे कार्य चालत आले, त्या पुण्याने यावर फार आश्चर्य करू नये. कॅलिफोर्नियातील चिरंजीवांनी यंदा आपल्या घरी मातीचा गणपती निराळा बसविण्याचे ठरविले आहे. नातवंडांनीच तो केला असून त्याची सोंड थोडी जाड झाली आहे, असे कळते. दोन घरे, दोन संकल्प, दोन आरत्या. आणि यंदा कोणाचाही आवाज बंद करावा लागणार नाही.

साहित्य जगाचे असो; संकल्प आपला राहो. तो करण्याची बुद्धी आणि बळ श्रीगजानन आपणां सर्वांस देवो, हीच त्या बुद्धिदात्याच्या चरणी प्रार्थना.